आधी नळी बघायची

४ जानेवारी

ताई,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. मग 'ती.' लिहिलं, तेही खोडलं. म्हणून कागद मळका दिसतो आहे. तीन वर्षांनी पत्र आलं की माणूस आधी विचारतं, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही, उलट येणार आहे. मला आठवा महिना सरत आला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर! तुझ्या कानावर आलं असेलच, नसेल तर आता माझ्याकडून ऐक.

फोन केला असता, पण तू उचलला असतास तर काय बोलले असते? म्हणून पत्र, आणि तेही पोस्टानं नाही. आमच्या डेपोची सकाळची गाडी तुझ्याकडे जाते, तिच्या कंडक्टरकडे पाकीट दिलं आहे. तो ते तुमच्या स्टँडवरच्या चौकशी खिडकीत ठेवेल आणि खिडकीवरचा माणूस तुझ्या वॉर्डात फोन लावेल. घ्यायला तुला स्वतःला यावं लागेल. आलीस की नाही हे मला कळेलच, कंडक्टर लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

काम एकच आहे, ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. माझं बीपी चढतं आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, कळा सुरू झाल्या की पाठीत इंजेक्शन देऊ म्हणजे त्रास कमी होईल आणि बीपीही ताब्यात राहील, आणि मग लघवीला नळी लावू. इंजेक्शनचं मला काही नाही, हव्या तितक्या सुया टोचा. नळी मात्र नको. तू बावीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलीस, तुला ठाऊक असणार. नळी नको म्हणता येतं का? म्हटलं तर रागावतात का? घालताना किती दुखतं? किती वेळ ठेवतात? काढल्यावर आपलं आपल्याला नीट होतं की कायमचं बिघडतं?

तुला वाटेल, एवढी धीट बाई आणि नळीला भिते. अकरा वर्षं मी एसटीच्या गाडीवर कंडक्टर आहे, ताई. पहिल्या फेरीपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाच तास, आणि मधल्या एकाही थांब्यावर बाईमाणसाला जायला धड जागा नाही. नव्या मुली रडकुंडीला येतात. मी नाही. अख्ख्या डेपोत माझ्याइतकं धरून ठेवणारी दुसरी बाई नाही. मिरवायची गोष्ट नाही ही, पण माझ्याकडे मिरवायला दुसरं आहे तरी काय! आणि आता माझ्या इच्छेशिवाय सगळं त्या पिशवीत उतरणार, पिशवी कॉटला लटकणार, येणारा-जाणारा बघणार. मला ते सहन व्हायचं नाही.

एवढंच कारण आहे. दुसरं काही मनात आणू नकोस.

धाकटी


१५ जानेवारी

ताई,

पत्र तुला मिळालं. खिडकीवरच्या माणसानं आमच्या कंडक्टरला सांगितलं, बाई ड्यूटीच्या कपड्यांतच आल्या, बाकावर बसून पत्र दोनदा वाचलं आणि चहाही न घेता गेल्या. दोनदा वाचायला वेळ आहे, दोन ओळी लिहायला नाही? असो. राग धरायचा हक्क तुझा आहे, हे मला समजतं. निदान आज समजतं आहे, उद्याचं सांगत नाही.

इथे मी विचारून विचारून वेडी झाले आहे. जाऊबाई म्हणतात, नळी म्हणजे सुख गं, मला तर काढूच नये असं वाटत होतं, उठायला नको की बसायला नको. शेजारच्या काकू म्हणतात, एकदा घातली की आतलं सगळं सैल पडतं, त्यांच्या भाचीला अजून शिंकताना पाय आवळावे लागतात. मी म्हटलं, काकू, ते नळीनं की बाळंतपणानं? तर म्हणाल्या, एकच की! आमचा ड्रायव्हर, म्हणजे बाळाचा बाप, म्हणतो, "इंजिनाचं काम काढलं की एखादा पाइप लागतोच." त्याला मी दोन दिवस जेवायला वाढलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच मला वाढलं, तेव्हा मिटलं.

शेवटी म्हटलं, वस्तूच बघावी. औषधाच्या दुकानात गेले आणि लघवीची नळी दाखवा म्हटलं. दुकानदारानं विचारलं, "कोणासाठी? नंबर काय?" आता नंबर काय सांगणार? त्यानं एक पाकीट आणि एक पिशवी काउंटरवर ठेवली. पिशवीच्या नळीवर अजून तीच निळी क्लिप असते, ताई, दाबली की बंद, उचलली की सुरू. मी ती एकदा दाबली, एकदा उचलली आणि पिशवी परत त्याच्याकडे सरकवली. "नको, चुकीची आहे," असं काहीतरी बोलून बाहेर आले. दुकानदार मागून ओरडत राहिला, "अहो, बरोबर कोणती ते तरी सांगा!"

आईला होती तशीच आहे एवढंच तुला सांगायचं होतं. शेवटचं दीड वर्ष ती नळीवर होती. तू तिकडे, मी इकडे तिच्याजवळ. रोज संध्याकाळी सातला तुझा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आज किती?" मी वहीत बघून आकडे सांगायची. सकाळी चारशे, दुपारी साडेतीनशे. आपल्या दोघींचं बोलणं म्हणजे तेच होतं.

हे का लिहिलं ते माझं मलाच कळत नाही. मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दे.

धाकटी


२४ जानेवारी

ताई,

उत्तर आलं. अर्धा कागद! वर ना ताई ना माई, खाली सही नाही. औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा पेशंटचं नाव असतं गं.

तरी मी ते दहा वेळा वाचलं. 'नको म्हणता येतं. तुला विचारल्याशिवाय कोणी हात लावता कामा नये. इंजेक्शननंतर घालतात, तेव्हा घातलेली कळत नाही. सगळ्यांना ठेवतातच असं नाही, काही वेळा तेवढ्यापुरती घालून काढतात. तुझं बीपी आहे म्हणून ठेवतील. काढल्यावर एक-दोन दिवस आग होते, पाणी पी. काही बिघडत नाही. नळी असली की लागल्यासारखं वाटत राहतं, तिकडे लक्ष देऊ नये.'

वाचून मला आठवड्यात पहिल्यांदा झोप लागली, तीही दुपारी, तोंड उघडं टाकून. जागी झाले ती मात्र तुझं शेवटचं वाक्य डोक्यात घेऊन. हेच वाक्य तू तेव्हा फोनवर म्हणाली होतीस, आठवतं? आई सारखी म्हणायची, "अगं, भरल्यासारखं वाटतंय." मी तुला विचारलं आणि तू म्हणालीस, तसं वाटत राहतं, लक्ष देऊ नये. मग मी ते तिला तुझ्या आवाजात ऐकवायची, मान वाकडी करून, अगदी हेडसिस्टरसारखी. ती हसायची. पुढे पुढे ती म्हणेनाशी झाली.

मग आता मला सांग, खरं लागलेलं आणि उगाच लागल्यासारखं वाटणारं, यातला फरक त्या बाईला कळतो का? आणि तिला कळत नसेल तर जवळच्या माणसाला कसा कळायचा? मी माझ्यापुरतं विचारते आहे. उद्या मी तिथं पडलेली असेन आणि नर्सबाई म्हणतील लक्ष देऊ नका, तेव्हा मी काय करायचं? एवढं लिहून पाठव. सही नाही केलीस तरी चालेल.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

माझ्याच पत्राच्या पाठीवर तू तीन ओळी लिहून पाठवल्यास. कागद वाचवायची सवय गेली नाही तुझी. पण त्या ओळींनी माझी झोप पुन्हा उडवली आहे.

'बाईला फरक कळत नाही. म्हणून वाटतंय म्हणाली की आधी नळी बघायची, क्लिप उघडी आहे का, कुठे मुडपली आहे का. मग बाईची समजूत काढायची. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.'

ती शेवटची ओळ कशासाठी लिहिलीस? तीन वर्षं तू हे मनात घेऊन बसली आहेस का? तुझी काही चूक नाही. तुझी काहीही चूक नाही, कारण

वरच्या पाच ओळी मी गिरवून खोडल्या आहेत. उजेडासमोर धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस. तू करशील, म्हणून जरा जोरातच गिरवल्या आहेत.

काल तपासणीला गेले होते. डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांगितलं, मला नळी नको. वाटलं होतं, ओरडतील. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "बरं. भीती कशाची वाटते ते सांगता का?" आता हे काय सांगणार? मी म्हटलं, लाज वाटते. त्यांनी समजावून सांगितलं की बीपी असलं की दर तासाला लघवी किती होते ते बघावं लागतं. मूत्रपिंडं काम करताहेत की नाही ते त्यावरून कळतं, औषध किती द्यायचं ते त्यावर ठरतं. "आकडा चुकला तर आमचं औषध चुकतं," म्हणाल्या. अगदी साधेपणानं म्हणाल्या आणि पुढची फाइल उघडली.

मी बाहेर बाकावर बसून राहिले. आमचा ड्रायव्हर विचारत होता, काय म्हणाल्या? मी म्हटलं, सगळं ठीक आहे. बघ, किती सहज येतं मला हे! त्या बाकावर मला एकदा वाटत होतं, नळी नको म्हणजे नको. मग वाटलं, नको म्हटल्यानं बाळाला काही झालं तर? मग वाटलं, नळी घातली आणि तेव्हा काही झालं तर? कुठल्याही बाजूनं विचार केला तरी मी फिरून त्याच बाकावर.

तारीख दहाच्या आसपासची आहे. तू येऊ नकोस. म्हणजे, यावंसं वाटलं तर ये. नको येऊस.

धाकटी


११ फेब्रुवारी, हॉस्पिटलमधून

ताई,

मुलगी झाली. काल दुपारी साडेतीनला. दोन किलो सातशे, डोक्यावर भरपूर केस, आणि रडते अशी की शेवटच्या बाकावरच्यालाही ऐकू जावं. माझं बीपी खाली आलं आहे. हे पहिल्यांदा लिहिलं, कारण पुढचं वाचून तू पत्र फेकलंस तरी एवढं तुला कळलेलं असावं.

नळी मी घालून घेतली. कशी ते ऐक.

सकाळी कळा सुरू झाल्या, तोवर माझं 'नको' चालूच होतं. नर्सबाई चांगल्या होत्या, तुझ्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "इंजेक्शन द्यायला अजून अवकाश आहे. तोवर तुम्ही उठून जा, या भांड्यात करा आणि किती झालं ते सांगा, मी तक्त्यात लिहिते." मी गेले. भांड्यावर रेघा होत्या, एकशे वीस झालं होतं, मी डोळ्यांनी बघितलं. बाहेर आले. त्यांनी विचारलं, किती? मी म्हटलं, "दोनशे."

का म्हटलं? कोणी मागितलं होतं दोनशे? मला दोनशेच्यानं काही मिळणार होतं का? तोंडातून निघालं, बस. दोनशे कसं बरं वाटतं, नीट चाललंय असं वाटतं. नर्सबाईंनी लिहिलंसुद्धा. मग एक कळ आली, भिंत धरून मी उभी राहिले, आणि ती ओसरली तेव्हा माझं मलाच ऐकू आलं, मी काय केलं ते. मी ओरडले, "बाई, खोडा ते! एकशे वीस होतं. आणि नळी घाला. माझ्यावर सोडू नका."

इंजेक्शननंतर घातली. तू म्हणालीस तसंच, कळलंही नाही. ज्याला महिनाभर भ्याले ते दोन मिनिटांत झालं.

आता आईचं सांगते. आज सांगितलं नाही तर कधीच सांगायची नाही.

ती जाण्याच्या तीन आठवडे आधीचा मंगळवार. अंग पुसायला तिला खुर्चीत बसवताना मी क्लिप बंद केली, लघवी उलटी जाऊ नये म्हणून, तूच शिकवलं होतंस. तिला परत पलंगावर घेतलं आणि डेपोतून फोन आला, एकजण आजारी आहे, लवकर ये. मी कपडे बदलून पळाले. दारात असताना आई म्हणाली, "जरा बघ गं, भरल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, "हेडसिस्टरनं काय सांगितलंय? लक्ष द्यायचं नाही." आणि गेले. सात तास. दुपारी शेजारच्या काकू तिच्याजवळ बसल्या होत्या, त्यांना नळीतलं काही कळत नाही, आणि आई परक्या माणसाला असलं सांगायची नाही. परत आले तर पिशवी कोरडी आणि आईचे ओठ पांढरे. क्लिप उघडली. पिशवी भरत गेली, भरत गेली. नऊशेच्या वर होतं. आईनं माझा हात फक्त बाजूला केला.

संध्याकाळी सातला तू विचारलंस, "आज किती?" मी म्हटलं, सकाळी चारशे, दुपारी साडेतीनशे.

आणि ताई, तो एकच दिवस नव्हता. आकडे मी रोजच असे लिहायची. गाडीवर प्रत्येक टप्प्याला किती माणसं चढली-उतरली ते तक्त्यात त्या त्या वेळी लिहायचं असतं, पण गर्दीत कोण लिहितं? शेवटच्या थांब्यावर आम्ही सगळे अंदाजानं भरतो, आणि बेरीज कधी चुकत नाही. आईची वही मी तशीच भरत होते. पिशवी रिकामी करायची, आकडा नंतर आठवेल तो. तू त्या आकड्यांवर तिच्या डॉक्टरांशी बोलत होतीस, हे मला माहीत होतं. माहीत असून लिहीत होते.

पुढे तिला ताप आला. तू आलीस, हॉस्पिटलच्या पायरीवर बसून वही चाळलीस आणि विचारलंस, "हे आकडे खरे आहेत ना गं?" किती हळू विचारलं होतंस! आणि मी तुझ्यावर धावून गेले. तू लांबून फोनवरून नर्सपणा करतेस, राबायचं मी, आणि वर माझ्यावर संशय? कधी तिची चादर बदलली आहेस का? असलं काय काय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. भांडण मी काढलं, कारण भांडणात उत्तर द्यावं लागत नाही. मग तीन वर्षं मीच रुसून बसले, आणि तुला वाटत राहिलं तुझं काहीतरी चुकलं.

काल संध्याकाळी मुलीला पाजायला मी कुशीवर झाले. थोड्या वेळानं ओटीपोटात भरल्यासारखं वाटायला लागलं. मी म्हटलं, लक्ष देऊ नये. मग दुखायला लागलं. मग असं दुखलं की मुलगी अंगाला नकोशी झाली. घाम फुटला, दात आवळले. धरून ठेवण्यात मी एवढी वस्ताद, पण धरून ठेवणं वेगळं, ताई, सोडता न येणं वेगळं. मी नर्सबाईंना हाक मारली, वाटतंय म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. चादर वर केली, नळी माझ्या मांडीखाली मुडपली होती, ती सरळ केली. मग माझ्याकडे बघितलं. वाकून, पिशवीच्या रेघेला डोळा लावून आकडा घेतला आणि मग लिहिला. साडेपाचशे. दुसऱ्या एका बाळंतिणीमुळे त्यांना यायला उशीर झाला, दोन तासही झाले नव्हते पुरते. आईचे सात होते.

त्या एका दिवसानं आई गेली का, मला ठाऊक नाही. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, वय झालं होतं, मूत्रपिंडं आधीच थकलेली होती. ते खरं असेल. पण त्यांनाही माझेच आकडे मिळाले होते. मी हे उलटसुलट करून बघते आणि काहीच हाती लागत नाही. तुला कळत असेल तर सांग, आणि कळलं तरी सांगायचं नसेल तर नको सांगूस. ती मात्र मला सांगत होती, आणि मी तिला तुझी नक्कल करून दाखवली. हे मला आयुष्यभर पुरेल.

तुझी चूक नव्हती. क्लिप मी बंद केली होती.

तुझी धाकटी


१४ फेब्रुवारी

ताई,

पत्र बाराला तुझ्या स्टँडवर पोचलं आणि त्याच दुपारी तू घेऊन गेलीस, एवढं कळलं. बाकावर बसली नाहीस म्हणे. उभ्यानंच पाकीट पर्समध्ये टाकलंस आणि गेलीस. काल दिवसभर काही नाही. मी मनात म्हटलं, संपलं. आमचा ड्रायव्हर विचारत होता, रडतेस का? मी म्हटलं, हो. त्याला बिचाऱ्याला खरं उत्तर ऐकायची सवय नाही, पुढे काय विचारायचं तेच त्याला सुचेना.

आज सकाळी नळी काढली. थोडी आग आहे, बाकी काही नाही. काढल्यावर पहिल्या दोन वेळा भांड्यात करून मोजायचं असतं, सगळं बाहेर पडतंय का ते बघायला. पहिल्यांदा गेले तेव्हा बराच वेळ येईचना. अकरा वर्षं जिला थांब म्हटलं तिला आता ये म्हटल्यावर ती कशी येणार? नर्सबाईंनी नळ सोडला, बाहेर जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे. भांडं घेऊन मी बाहेर आले. त्यांनी माझ्या हातातून घेतलं, खिडकीशी नेलं, वाकून बघितलं, आणि मला न विचारताच लिहिलं.

मी म्हटलं, "बाई, आज मला विचारलंसुद्धा नाही तुम्ही."

तर त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचा फोन येऊन गेला सकाळी. आमच्याच कामातल्या आहेत ना त्या? मुलीचं विचारलं, बीपी विचारलं, नळी कधी काढली ते विचारलं. आणि म्हणाल्या, लघवी किती झाली ते मला रोज सांगायचं. पण तिला विचारून सांगू नका, स्वतः बघून सांगा."

मी हसले, इतकी हसले की टाके ओढले गेले, आणि मग रडले. नर्सबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, तू मला काही टोचून बोललीस.

टोचून बोललीसच. बोल. माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणणार नाही, मीसुद्धा ठेवत नाही. मला माफ केलंस का, तेही विचारत नाही, कारण तू काय उत्तर देशील याची मला अजून भीती वाटते. रोज फोन कर आणि नर्सबाईंना विचार. मी माझ्या कॉटवर पडून ऐकेन, तेवढं मला पुरे आहे.

फक्त एक अडचण आहे. परवा आम्हाला घरी सोडणार आहेत. घरी नर्स नसते, ताई. तिथं तुला मलाच विचारावं लागेल.

धाकटी